जॉयस्टिकवरचं घड्याळ



मागच्या वेळी लोणच्याबद्दल लिहिलं तेव्हा कुणीतरी विचारलं होतं, "काकी, काका बरे आहेत ना? बरेच दिवस त्यांच्याबद्दल काही लिहिलं नाहीत." हे बरे आहेत. पण लिहायचं म्हटलं तर एक कबुली द्यावी लागणार होती, म्हणून हात धजत नव्हता. आज लिहिते. विषय ऐकून हसाल, कारण तो आहे खेळातल्या विमानाच्या दांड्यावरचं घड्याळ रोज बरोबर लावण्याचा.

आमच्या ह्यांनी चाळीस वर्षं मोटारी बांधल्या. विहिरीवरच्या पाण्याच्या मोटारी जळल्या की सगळी सांगली ह्यांच्याकडे यायची. तांब्याची तार, वार्निश आणि ठोकाठोकी यात आयुष्य गेलं, पण मन सगळं विमानात. उजळाईवाडीवर विमान उतरताना बघायला मिळावं म्हणून कोल्हापूरच्या लग्नाला आधी निघणारा हा माणूस. अडुसष्टाव्या वर्षी वर्कशॉप बंद केलं, तेव्हा मुलाने त्यांना विमान चालवायच्या खेळाचा दांडा आणून दिला. सायटेकचा एक्स-५२ प्रो. उजव्या हाताला दांडा, डाव्या हाताला वेग कमी-जास्त करायचा थ्रॉटल. सोप्या भाषेत, विमानाचा अ‍ॅक्सिलरेटर.

त्या थ्रॉटलच्या बुंध्याशी एक छोटा उजळणारा पडदा आहे. त्यावर मजकुराच्या तीन ओळी येतात, एका ओळीत सोळा अक्षरं, आणि त्याच्या खाली घड्याळ. घड्याळंही एक नाही, तीन. बटणांनी एकामागून एक पाहायची. पहिलं आपलं. दुसरं वैमानिकांचं, म्हणजे यूटीसी. जगात कुठेही असलात तरी हवामानाचा निरोप आणि उड्डाणाची वेळ त्याच घड्याळाने सांगतात, म्हणजे तुमचे किती वाजले, आमचे किती वाजले असा घोळ होत नाही. आपलं घड्याळ त्याच्या साडेपाच तास पुढे. आपली वेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी रेखांशावर धरलेली आहे, आणि पंधरा रेखांशांचा एक तास. साडेब्याऐंशीला पंधराने भागा, बरोबर साडेपाच येतात. हा हिशेब ह्यांनी मला पहिल्याच आठवड्यात शिकवला. मी बी.कॉम. असल्यामुळे मला तो फार आवडला.

तिसरं घड्याळ मुलाचं. तो शिकागोला गेला तेव्हा जाण्याआधी त्याने ते लावून दिलं आणि म्हणाला, "पप्पा, फोन करायच्या आधी इथे बघत जा." त्याने त्यात तासांचा फरक आकड्यांत भरला होता. पण तिकडे मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं एक तास पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी परत मागे घेतात. उन्हाळ्यात आपल्यात न् त्यांच्यात साडेदहा तास, हिवाळ्यात साडेअकरा. आकडा काही आपोआप बदलत नाही. पहिल्याच नोव्हेंबरात आम्ही संध्याकाळी सहाला फोन लावला. घड्याळात तिकडचे साडेसात, प्रत्यक्षात साडेसहा, आणि सून बिचारी रविवारची जरा झोपलेली. तेव्हापासून ते घड्याळ वर्षातून दोनदा बदलायचं काम माझ्याकडे आलं. मी ते कॅलेंडरवर गॅस सिलिंडरच्या तारखेशेजारी लिहून ठेवायची.

इथवर सगळी गंमत होती. दोन वर्षांपूर्वी ह्यांना विसर पडायला लागला. आधी चष्मा, किल्ल्या. मग एकदा मंदिरातून परत येताना आपल्याच गल्लीच्या तोंडाशी उभे राहिले. डॉक्टरांनी तपासण्या केल्या, डिमेन्शियाची सुरुवात आहे म्हणाले. गोळ्या दिल्या आणि सांगितलं की रोजचा दिवस एकसारखा ठेवा. त्याच वेळी जेवण, त्याच वेळी झोप. जे आवडतं ते बंद करू नका.

म्हणून विमान बंद केलं नाही. खरं सांगायचं तर खुर्चीत बसून दांडा हातात घेतला की हे पुन्हा पहिल्यासारखे होतात. १५ ऑक्टोबरला दर वर्षी अहमदाबादहून उडून जुहूला उतरतात, कारण १९३२ साली त्याच तारखेला जे. आर. डी. टाटांनी टपालाचं छोटं विमान कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला आणलं होतं. सकाळी काय खाल्लं ते आठवत नाही, पण ही तारीख आठवते.

आता घड्याळाकडे येते. आमच्याकडे रात्रीचं जेवण नाही हे तुम्हाला माहीत आहेच. ह्यांनी चाळिशीत नियम घेतला, तोही सूर्यास्ताच्या दोन घटिका आधी ताट सोडण्याचा. म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटं. नोव्हेंबरात आपल्या सांगलीला सूर्य सहाच्या सुमाराला मावळतो, तेव्हा पाचनंतर दहा मिनिटांत हात धुतलेले हवेत. जुलैच्या सुरुवातीला सात-दहापर्यंत उजेड असतो, तेव्हा सव्वासहापर्यंत चालतं. तीस वर्षांत एकदाही चुकलं नव्हतं.

आणि हे वेळ बघायचे ती थ्रॉटलवरच्या घड्याळात. भिंतीवरचं घड्याळ पाठीमागे, आणि त्यावर ह्यांचा विश्वासही नाही, कारण आमच्याकडे भिंतीवरचं घड्याळ पाच मिनिटं पुढे ठेवायची सासूबाईंपासूनची पद्धत. कानाला हेडफोन, समोर आकाश. खेळातलं आकाश मात्र आपल्या हातात असतं. ह्यांची नजर अंधारात धावपट्टी पकडत नाही, म्हणून हे खेळात कायम दुपार लावून ठेवतात. बाहेर दिवेलागण झाली तरी पडद्यावर लख्ख ऊन. खरी वेळ सांगणारं त्या टेबलावर एकच होतं, ते छोटं घड्याळ.

मागच्या वर्षी आमचा जुना संगणक गेला. पुण्याला इंजिनिअरिंगला असलेला भाचा आला, त्याने दुसऱ्या जुन्या संगणकावर लिनक्स घातलं आणि फ्लाइटगिअर नावाचं मोफत विमान बसवून दिलं. दांडा चालला, थ्रॉटल चालला, हे खूश. पडदाही उजळला. पण घड्याळाच्या जागी खरी वेळ येईना. भाच्याची गाडी होती, तो म्हणाला, "मामी, पुढच्या आठवड्यात फोनवर करून देतो." मलाही त्यात घाईचं काही वाटलं नाही. खेळण्यातलं घड्याळ ते.

त्याच आठवड्यात मला कोल्हापूरला एका ओटीभरणाला जावं लागलं. ह्यांचं ताट झाकून ठेवलं, शेजारच्या वहिनींना सांगितलं. वहिनींनी हाक मारली तर हे म्हणाले, "अजून ऊन आहे." बोट संगणकाच्या पडद्याकडे. वहिनींना वाटलं काकांना कळत असेल. परतीच्या एसटीला उशीर झाला. मी साडेसातला दार उघडलं तर खोलीत अंधार, समोर भर दुपार, आणि हे पन्हाळ्यावरून घिरट्या घालताहेत. ताट झाकलेलंच. साखरेची गोळी मात्र घेतलेली, कारण ती डबीतून काढून मीच टेबलावर ठेवली होती.

दिवा लावला तेव्हा ह्यांनी खिडकीकडे पाहिलं. त्यांचा चेहरा मी विसरणार नाही. "मावळला?" एवढंच विचारलं. जेवायला तयार होईनात. मी विनवण्या केल्या, रागावले, रडले. रात्री साडेदहाला दरदरून घाम आला, हात थरथरायला लागले. डॉक्टरांना फोन केला, त्यांनी लगेच साखर द्यायला सांगितलं. गुळाचं पाणी केलं आणि म्हटलं, "अहो, हे औषध आहे. पाप लागलं तर मला लागू दे." घेतलं त्यांनी. दुसऱ्या दिवशी सकाळी मंदिरात जाऊन प्रायश्चित्त मागितलं. माझ्यासाठी नाही, स्वतःसाठी.

त्या दिवशी दुपारीच मी भाच्याला फोन केला. म्हटलं, पुढचा आठवडा नको, आत्ता.

त्याने जे सांगितलं ते मला नीट कळावं म्हणून मी वहीत लिहून घेतलं, तेच तुम्हाला सांगते. त्या दांड्याला स्वतःचं घड्याळ नाही. आत काटे नाहीत, सेल नाही, वेळ मोजणारं काहीच नाही. संगणकातला एक छोटा प्रोग्रॅम त्याला दर मिनिटाला सांगतो, आता पाच वाजले, आता पाच वाजून एक मिनिट. सांगणारा गप्प बसला की पडद्यावर शेवटचा सांगितलेला आकडा तसाच राहतो. जुन्या संगणकात तो सांगणारा आपोआप आलेला होता. लिनक्सवर तो वेगळा घालावा लागतो, लिबएक्स५२ नावाचा, तोही मोफत आहे. आम्ही फोनवर दोन तास बसलो. तो एकेक अक्षर सांगायचा, मी टाइप करायची. शेवटी पडद्यावर चार वाजून बावीस मिनिटं आली आणि थोड्या वेळात तेवीस झाली. मी टाळ्या वाजवल्या.

यात एक सोय चांगली निघाली. मुलाच्या घड्याळात आता आकडा भरायचा नाही, शहराचं नाव भरायचं. शिकागो लिहिलं की मार्च-नोव्हेंबरचं ते स्वतः बघतं.

पण संगणकाला तरी वेळ कोण सांगतं? त्याच्या पोटात बटणासारखा एक गोल सेल असतो, सीआर २०३२, तीन व्होल्टचा. वीज नसताना तो वेळ धरून ठेवतो. आमच्या जुन्या संगणकातला तो सेल संपलेला होता. वीज गेली की संगणक कित्येक वर्षं मागची तारीख घेऊन उठायचा, मग इंटरनेट आलं की तिथून खरी वेळ विचारून घ्यायचा. वायफाय बंद असेल तर सगळंच खोटं. सेल चाळीस-पन्नास रुपयांत मिळाला, तो बदलला. आणि रोज सकाळी अभिषेकाहून आलं की दूध तापत ठेवायच्या आधी मी फोनमधली वेळ आणि थ्रॉटलवरची वेळ ताडून बघायला लागले. चार वाजता परत एकदा. हिशेब लिहिणाऱ्या माणसाला दोनदा ताळा करायची सवय असतेच.

सगळं सुरळीत झालं. हे पाच वाजता घड्याळ बघायचे आणि उठायचे. इथे लेख संपवता आला असता.

पण हळूहळू ह्यांना विमान उतरवायला वेळ लागायला लागला. आधी दहा मिनिटांत उतरायचे. नंतर कुठली कळ आधी, कुठली मागून हे विसरायचे, परत वर जायचे, परत फेरी मारायचे. अर्ध्यात उठवलं तर चिडायचे, कधी रडायचे. पावणेपाचला उतरायला सुरुवात केली तर पाच-वीसला खुर्चीतून उठायचे. मग घाईघाईने दोन घास, आणि नियम मोडला की काय ही चिंता. पोट अर्धं राहायचं आणि रात्री मला भीती, परत साखर उतरेल.

नोव्हेंबरात एके दिवशी मी विचार केला, भिंतीवरचं घड्याळ पाच मिनिटं पुढे असतंच की. हे अर्धा तास पुढे ठेवलं तर काय बिघडलं? कुणाचं नुकसान आहे? पण तो प्रोग्रॅम तसा खोटं सांगायला तयार नाही. पहिल्या घड्याळात तो संगणकाची वेळच दाखवतो. मग मी संगणकाचंच गाव बदललं. यादीत कोलकात्याच्या जागी ढाका निवडलं. ढाक्याची वेळ आपल्यापुढे बरोबर अर्धा तास. माझी मलाच हुशारी वाटली. बी.कॉम. फुकट गेलं नाही म्हटलं.

आणि काम झालं. हे अर्धा तास आधी उतरायला लागले, सावकाश जेवायला लागले. मी खूश. अकरा दिवस असे गेले.

बाराव्या दिवशी टेबल पुसताना ह्यांची वही उघडी पडली होती. वैमानिक ठेवतात तशी उड्डाणांची वही हे पहिल्या दिवसापासून ठेवतात. कुठून निघालो, कुठे उतरलो, यूटीसी किती, आपली वेळ किती. दुसऱ्या घड्याळात बघून यूटीसी लिहायची, त्यात साडेपाच मिळवायचे, आणि उत्तर पहिल्या घड्याळाशी जुळतं का बघून बरोबरची खूण करायची. डॉक्टरांनीही सांगितलं होतं, ही वही चालू ठेवा, डोक्याला व्यायाम होतो.

त्या पानावर एकच बेरीज पाच वेळा होती. १०:३५ अधिक ५:३०. उत्तर १६:०५. खाली खोडलेलं. परत तीच बेरीज, परत १६:०५, परत खोडलेलं. अक्षर प्रत्येक वेळी जास्त दाबून. घड्याळ त्यांना १६:३५ दाखवत होतं ना. चौथ्या वेळी बोटांवर मोजल्यासारख्या बारीक रेघा ओढल्या होत्या. आणि पाचव्या वेळी ह्यांनी आकडाच बदलला होता. १०:३५ अधिक ६:००, बरोबर १६:३५. शेजारी बरोबरची खूण.

मागची पानं उलटली. अकरा दिवसांपैकी सुरुवातीच्या चार-पाच दिवसांत खोडाखोड होती. पुढे सरळ सगळीकडे सहा तास.

मैत्रिणींनो, ज्या माणसाने मला साडेब्याऐंशी भागिले पंधरा शिकवलं, त्याने साडेपाच सोडून दिले होते. स्वतःच्या डोक्यावरचा उरलासुरला विश्वास त्याने माझ्या खोट्या घड्याळापुढे ठेवून दिला होता. एवढं सगळं आपोआप हातातून जात असताना जे एक नीट शिल्लक होतं, ते मी काढून घेतलं होतं. आणि मला विचारलंही नाही त्यांनी. का विचारलं नाही तेही मला कळलं. विचारलं तर आपलंच चुकलेलं निघेल, या भीतीने. गल्लीच्या तोंडाशी उभे राहिले होते तेव्हाही असंच कुणाला विचारलं नव्हतं.

मी बराच वेळ ती वही मांडीवर घेऊन बसले. पहिल्यांदा मनात आलं ते असं, की गुपचूप परत कोलकाता करून टाकावं. कुणाला कळणार आहे? उद्या हे विसरतीलही. पण मग ते सहा तास वहीत तसेच राहतील आणि परवा घड्याळाशी जुळणार नाहीत. परत खोडाखोड, परत तीच शंका, की आता काय बिघडलं माझं? एक खोटं झाकायला दुसरं, हे आपण मुलांना सांगतो. आपल्या व्रतांत सत्य आहे, आणि मी आजवर धरून चालले होते की माझ्याकडून ते पाळलं जातं, कारण मी कुणाला फसवत नाही. ज्याच्या भल्यासाठी खोटं बोललं जातं त्याला काही लागत नाही, असं मी समजून चालले होते. त्याला किती लागतं ते पानावर दिसत होतं.

हे दुपारची झोप काढून उठले तेव्हा मी चहा नेला आणि वही समोर ठेवली. म्हटलं, "अहो, तुमची बेरीज बरोबर होती. साडेपाचच तास. घड्याळ मी खोटं लावलं होतं, तुम्ही लवकर जेवावं म्हणून."

हे माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं कळलंच नाही. मग म्हणाले, "बरोबर होती?"

"हो. पाची वेळा."

"चार वेळा," हे म्हणाले. "पाचवी चुकली." आणि पेन मागितलं. पाचवी बेरीज खोडली, वरच्या चार बेरजांपुढे सावकाश एकेक बरोबरची खूण केली. मग मला म्हणाले, "अगं, परत करू नकोस असं. मला वाटलं, हेही गेलं."

मी हात जोडून क्षमा मागितली. दशलक्षणात क्षमावाणीला आपण सगळ्या गावाला हात जोडतो. पण ज्याच्याशी रोज अठरा तास संबंध येतो त्याच्यापुढे नेमकी गोष्ट सांगून हात जोडणं किती जड जातं ते त्या दिवशी कळलं. हे म्हणाले, "चहा गार होतोय."

मग भाच्याला सगळं सांगितलं. तो रागावला नाही, उलट म्हणाला, "मामी, मला आधी विचारायचं ना." त्याने दोन गोष्टी सुचवल्या.

एक म्हणजे, खेळातली वेळ चार वाजल्यापासून खरी ठेवायची. फ्लाइटगिअरमध्ये पहाट, दुपार, सांज असं निवडता येतं, तसंच संगणकाची खरी वेळही निवडता येते. मग तिथला सूर्य तुम्ही जिथे उडताय तिथल्या खऱ्या सूर्याप्रमाणे सरकतो. आता चारला मी ती एक कळ दाबते. सांगलीवरून उडताना उन्हं तिरपी होत जातात आणि ह्यांना आपोआप घाई वाटायला लागते.

दुसरी म्हणजे, त्या पडद्यावरच्या मजकुराच्या तीन ओळी. त्यात आपल्याला हवं ते लिहिता येतं. देवनागरी उमटत नाही, म्हणून मी इंग्रजी अक्षरांत लिहिते. पहिल्या ओळीत आजच्या सूर्यास्ताची वेळ, आपल्या गावची. आपलं गाव मिर्झापूरच्या रेषेच्या पश्चिमेला असल्यामुळे सूर्य आपल्याकडे घड्याळाच्या मानाने अर्धा तास उशिरा डोक्यावर येतो, म्हणून दुसऱ्या गावची वेळ चालत नाही. दुसऱ्या ओळीत 'उतरा'. तिसऱ्या ओळीत 'जेवण तयार'. सोळा अक्षरांत आरामात बसतं. साडेचारला मी त्या ओळी पाठवते. खाली घड्याळ खरं असतं, वर माझा निरोप असतो, आणि दोन्ही वेगळे आहेत हे ह्यांना माहीत असतं. म्हणजे मला जे हवं आहे ते मी मागते. घड्याळाच्या तोंडून बोलत नाही.

रोज वेळेवर उतरतात का? नाही. आठवड्यातून एखाद-दुसऱ्या दिवशी उशीर होतोच. मग मी शेजारी जाऊन बसते आणि कळ कुठली ते सांगते. मलाही आता बरंच येतं. एकदा तर मीच उतरवलं, धावपट्टीच्या जरा बाजूला गवतात. हे खूप हसले.

तो दिवस ह्यांना आता आठवत नाही. वही मात्र आहे. कधी कधी ते पान उघडून बघतात, चार खुणा बघतात आणि मला विचारतात, "इथे काय झालं होतं?" मी दर वेळी सगळं सांगते, माझ्या चुकीसकट. दर वेळी मला तेवढंच ओशाळं वाटतं आणि दर वेळी हे म्हणतात, "म्हणजे बेरीज बरोबर होती." त्या आनंदासाठी मी आणखी शंभर वेळा ओशाळी होईन.

तुमच्यापैकी कित्येकींच्या घरी सासू-सासरे, आई-वडील, कुणी ना कुणी असं विसरत चाललेलं माणूस असेल. त्यांना समजावण्यापेक्षा थोडं खोटं सांगणं सोपं जातं, मला माहीत आहे. बाजार बंद आहे, डॉक्टर आज नाहीत, मुलगा उद्या येणार आहे. मी कुणाला नावं ठेवत नाही, रात्रभर जागणाऱ्या बाईला उपदेश करणं फार सोपं असतं. एवढंच सांगते, ते माणूस ज्या एका गोष्टीवरून अजून स्वतःचा ताळा करतं, ती गोष्ट शोधून काढा. कुणाचा जपाचा मणी असेल, कुणाचा दुधाचा हिशेब असेल, कुणाची शेजारणीची रोजची हाक असेल. तिला हात लावू नका. ती खरी राहील एवढं बघा.

आमच्याकडे ते घड्याळ आहे. त्याला स्वतःचं काही कळत नाही. कुणीतरी दर मिनिटाला खरं सांगत राहावं लागतं. प्रोग्रॅम ते करतो, आणि प्रोग्रॅम चालू आहे की नाही ते मी बघते.

चार वाजत आले. दूध आणि कळ, दोन्ही बघायचं आहे.

जय जिनेंद्र.